जुन्या जीपचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवावेत का? (सीजे 3बी, डिझेल केलेली)

सुकीकाठ
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळीची शेती आहे. घरी वडिलांच्या वेळची सीजे 3बी आहे. मूळची पेट्रोल, नंतर डिझेल इंजिन बसवलं, आरसीवर तशी नोंद आहे. ब्रेक मात्र जसेच्या तसे: चारही चाकांना 9 इंची ड्रम, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) ड्रायव्हरच्या पायाखाली चासीला, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) नाही.

शेतात, बांधावर काही तक्रार नाही. त्रास दोन ठिकाणी होतो. सातपुड्यातल्या पालहून खाली उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पेडल खाली खाली जायला लागतं, दोनदा पंप केलं की मग पकडतं. आणि पावसाळ्यात सुकी नदीचं पाणी ओलांडलं की पुढचे काही ब्रेक नुसते नावाला. मेकॅनिक म्हणतो, "पुढच्या दोन चाकांना डिस्क टाकून देऊ, कटकट संपेल."

विचारायचं ते असं: फक्त पुढे टाकावी की चारही चाकांना? बूस्टरशिवाय चालेल का? हँडब्रेकचं काय होतं? आणि पासिंगला अडचण येते का? गाडी विकायची नाही, प्रदर्शनातही ठेवायची नाही. रोज वापरायची आहे, घरची पोरंही चालवतात. म्हणून नीट समजून घेऊन करायचं आहे.

गिरणेचा_वारा
बसवा दादा. यात विचार करण्यासारखं काही नाही. आजच्या रस्त्यावर पुढे डिस्क पाहिजेच.

लेथवाला_धुळे
विचार करण्यासारखं आहे. माझ्याकडे लेथवर ड्रम येतात, त्यातले निम्मे ड्रमचा दोष नसताना आलेले असतात.

सुकीकाठ दादा, डिस्कचे पैसे मोजण्याआधी चारही ड्रम उघडून बघा. 3बीच्या बॅक प्लेटवर वर शू (ड्रमला आतून दाबणारे) सेट करायचे कॅम असतात आणि खाली अँकर पिन असतात. त्या पिनाही एक्सेंट्रिक आहेत, फिरवल्या की शूचं खालचं टोक सरकतं. बहुतेक मेकॅनिक वरचा कॅम फिरवून मोकळे होतात, खालच्या पिनेला कोणी हात लावत नाही. मग लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, ड्रमला वरच्या बोटभर भागातच टेकतं. लायनर काढून बघा, एकच पट्टा चकचकीत आणि बाकी मळकट दिसला तर हेच झालंय.

दुसरं, लायनरवर तेल. पुढच्या नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) गोळ्यात ऑइल असतं, आतलं सील गेलं की ते हबमधून थेट लायनरवर येतं. तेल प्यायलेलं लायनर पॉलिश पेपर मारून सुधारत नाही, बदलावंच लागतं. तिसरं, ड्रम ओव्हल झालाय का ते लेथवर बांधून बघायचं, आणि घासायचा तर एका एक्सलचे दोन्ही सारखेच घासायचे, नाहीतर गाडी एकीकडे ओढते.

एवढं नीट झालं की हेच ड्रम जीपला 50-60 च्या वेगात व्यवस्थित थांबवतात. माझ्या डोळ्यांसमोर थांबल्यात.

गिरणेचा_वारा
लेथवाले भाऊ, 50-60 पर्यंत ठीक. पण डिझेल इंजिन टाकल्यावर आणि रस्ता चौपदरी झाल्यावर 50 वर चालवतं कोण? 60 वरून 80 वर गेलं की गाडी थांबवायला लागणारी ऊर्जा पावणेदोन पट होते. ती सगळी उष्णता होऊन त्या चार डब्यांत जाते. ड्रम तापला की बाहेर फुगतो, लायनरपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जातं. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे तिला दाबणाऱ्या पॅडकडेच येते. शिवाय उघड्यावर असते, वारा लागतो. ॲडजस्टमेंट कितीही चांगली केली तरी हा फरक राहणारच.

तळोद्याची_जिप्सी
माझी जिप्सी आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम, कंपनीतूनच तशी आली. कामामुळे धडगावला जाणं-येणं असतं, चांदसैली घाटातून. तोरणमाळलाही जाते, सातपायरीची वळणं उतरून यायचं म्हणजे ब्रेकची परीक्षाच. श्रावणात रस्त्यावरून पाणी वाहत असतं. डिस्कवर पाणी टिकत नाही, पहिल्याच फेऱ्यात पॅड ते पुसून काढतात. मागचे ड्रम मात्र ओले होतात. ओढा ओलांडला की डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चालवते, ते तापून वाळतात. सुकीकाठ दादांनीही डिस्क बसेपर्यंत ही सवय लावून घ्यावी. घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना शिकवावी.

लेथवाला_धुळे
ताई, सवयीचं अगदी बरोबर. पण जिप्सीला बूस्टर आहे, मास्टर सिलिंडर डिस्कच्या हिशोबाने दिलाय, पुढचं-मागचं वाटपही कारखान्यात ठरवून दिलंय. जुन्या जीपला नुसती डिस्क आणि कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) बोल्ट केले की जिप्सी होत नाही. माझा विरोध डिस्कला नाही. अर्धवट डिस्कला आहे.

पांझरेवाला
भो, डिस्क बसाड नहीतं ड्रम ठेव, पन पहिले नळ्या देख. नळी फुटनी तं चारी चाकं मोकळा व्हतीस.

औट्रम_चाळीसगाव
पांझरेवाला भो लाख बोलले. आता माझ्या जीपचं सविस्तर सांगतो, कारण अर्धवट डिस्क काय करते ते मी कन्नड घाटात बघितलंय.

माझीही 3बीच्याच वंशातली. एका दुकानातून तयार किट आणलं: ब्रॅकेट, डिस्क, कॅलिपर, पॅड, सगळं एका खोक्यात. दुकानदाराने सांगितलं, मास्टर सिलिंडर तोच चालतो. स्पिंडलचे सहा बोल्ट काढले, बॅक प्लेट गेली, तिथे ब्रॅकेट आलं, सगळं छान बसलं. गावात फिरवली तर ब्रेक असा की समोर बसलेला पुढे यायचा. मग संभाजीनगरला निघालो. चाळीसगाव सोडून घाट चढायला लागलो तर गाडी ओढेना. चढ आहे म्हणून समजलो. पुढे वास यायला लागला, लायनर जळल्यासारखा. बाजूला घेतली. पुढच्या चाकातून धूर, रिमला हात लावता येईना. बाटलीतलं पाणी डिस्कवर शिंपडलं तर तव्यावर पडल्यासारखं चर्र करून उडालं. (हे कोणी करू नका. तापल्या डिस्कवर पाणी टाकलं की ती वाकडी होते किंवा तडकते. माझ्या सोबत्याने घाईत टाकलं.)

ब्रेक सोडलेला होता, तरी पॅड डिस्कला धरून बसले होते. नळीचा नट थोडा सैल केला, ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक लगेच मोकळं. म्हणजे लाइनमध्ये प्रेशर अडकलेलं.

कारण नंतर चाळीसगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मास्टर सिलिंडर खोलून दाखवलं. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये टोकाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो, साधारण 10 पीएसआय (दाबाचं माप), म्हणजे चाकातल्या व्हील सिलिंडरचे वॉशर फुगलेले राहतात आणि हवा आत जात नाही. ड्रमला शू मागे ओढायला दणकट स्प्रिंग असते, ती त्या प्रेशरला पुरून उरते. डिस्कला तशी स्प्रिंगच नाही. 10 पीएसआय म्हणजे पॅड कायम टेकलेले. पॅड टेकले की तापले, तापले की ऑइल फुगलं, फुगलं की आणखी दाबले.

मग व्हॉल्व्ह काढून टाकला तर वेगळीच गंमत. आमचा मास्टर सिलिंडर पायाखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर. गाडी रात्रभर उभी राहिली की कॅलिपरमधलं ऑइल हळूहळू मागे उतरतं आणि सकाळी पहिलं पेडल पोकळ. त्यासाठी डिस्कच्या लाइनला 2 पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह टाकतात. मागच्या ड्रमच्या लाइनला 10 चा तसाच राहतो. म्हणजे पुढची आणि मागची लाइन वेगळी करावीच लागते.

सुकीकाठ
औट्रम भाऊ, हे वाचून अंगावर काटा आला. मेकॅनिक तर म्हणत होता एका दिवसाचं काम आहे. म्हणजे मास्टर सिलिंडर बदलायचाच का?

हायड्रॉलिक_मास्तर
बदलायचाच, आणि माझं मत विचाराल तर डिस्कच्याही आधी. आयटीआयमध्ये हेच शिकवतो म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या मास्टर सिलिंडरला एकच खोली आहे. एक नळी फुटली, एक वॉशर गेला, की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. टँडम मास्टर सिलिंडरला दोन खोल्या असतात, पुढच्या चाकांची वेगळी आणि मागच्यांची वेगळी. एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते, पेडल खोल जातं पण गाडी थांबते. डिस्क लावल्याने गाडी चांगली थांबेल, टँडम लावल्याने ती थांबेलच. दोन्हींत आधी काय, हे तुम्हीच ठरवा.

आता बोअर, म्हणजे मास्टर सिलिंडरचा आतला व्यास. समजा तुम्ही पेडलवर 30 किलो जोर दिला आणि पेडलचं गुणोत्तर 6 धरलं, तर पुशरॉडवर (पेडलपासून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या दांड्यावर) 180 किलो येतात. 1 इंची बोअरचं क्षेत्रफळ 5.07 चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रेशर सुमारे 35 किलो प्रति चौरस सेंमी. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं, म्हणून कोणी सव्वा इंचाच्या जवळ जाऊ म्हणतं. पण नुसता 1 पूर्णांक 1/8 इंची बोअर घेतला तरी त्याच पायाला प्रेशर 28 वर येतं. म्हणजे पेडल वर राहतं, पण कडक होतं आणि ब्रेक कमी लागतो. इथे बूस्टर येतो.

आणखी एक. ड्रममध्ये पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि स्वतःहून आणखी घट्ट बसतो. ती फुकटची मदत डिस्कला मिळत नाही. पॅड तुम्ही दाबाल तेवढेच दाबले जातात. म्हणून बूस्टरशिवाय डिस्क टाकलेल्या जुन्या जीपचा मालक म्हणतो, "आधीपेक्षा पाय जास्त दुखतो." तो खोटं बोलत नसतो.

सातपुडा_लो_गिअर
सगळ्यांची माफी मागून वेगळं बोलतो. जीप ही जीप आहे. यावलच्या जंगलात, दगडातून उतरताना मी ब्रेकला पाय लावतच नाही. फोर बाय फोर लो, पहिला गिअर, इंजिन गाडी धरून ठेवतं. उतारावर ब्रेक दाबला की चाक लॉक होतं आणि गाडी घसरते, मग ते ड्रम असो की डिस्क. आणि आपली काळी माती विसरू नका. पावसात ती चाकाला थापली जाते, कॅलिपर आणि रिमच्या मधे वाळून दगड होते, पॅड खाते. ड्रम निदान झाकलेले तरी असतात.

तळोद्याची_जिप्सी
दादा, झाकलेल्या ड्रममध्ये तोच चिखल एकदा गेला की बाहेर येत नाही, आत बसून लायनर आणि ड्रम दोन्ही घासतो. डिस्कला निदान पाइप मारून धुता येतं. मी पावसाळ्यात चिखलातून आलं की आधी चाकं आतून धुते, मग जेवते.

सातपुडा_लो_गिअर
धुण्याचं मान्य. लो गिअरचं मात्र सोडणार नाही :)

गिरणेचा_वारा
लो गिअर भाऊ, जंगलाचं बरोबर आहे. पण जीप जंगलात जायला आधी हमरस्त्यावरूनच जाते ना? समोर अचानक ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी येते, रात्री, मागे लाल दिवा नसलेली. तिथे लो गिअर काय करणार?

केळीपान
धागा मस्त चाललाय. सुकीकाठ दादा, डिस्क बसली की शेतात भरीत पार्टी ठेवा. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, कळण्याची भाकरी, केळीच्या पानावर. आम्ही सगळे ब्रेक तपासायला येऊ.

पांझरेवाला
मिरचीना ठेचा मी लयेस.

सुकीकाठ
नक्की. हिवाळ्यात या सगळे, वांगी घरची आहेत. पण बूस्टरचं राहिलं. माझं डिझेल आहे, त्याला बूस्टर चालतो का?

हायड्रॉलिक_मास्तर
चालतो, पण पंप लागतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल असतो, त्याच्या मागे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम आपोआप तयार होतो. डिझेलमध्ये हवा अडवलीच जात नाही, त्यामुळे व्हॅक्युम मिळत नाही. म्हणून डिझेल गाड्यांना व्हॅक्युम पंप देतात, कित्येकांत तो अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. त्याला इंजिन ऑइलची बारीक लाइन जाते, ती लाइन आणि परतीची नळी नीट बसवा. बूस्टरच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह हवा आणि तो योग्य दिशेने हवा.

एक विनंती कळकळीने करतो. आपल्याकडे डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करून सोडतात, कोणी कोणी इंजिनही बंद करतं. इंजिन बंद झालं की पंप बंद. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्युमवर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो, त्यानंतर पेडल दगड होतं. माणसाला वाटतं ब्रेक फेल झाला. लळिंगला असो, कोंडाईबारीला असो की बिजासनला, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

सातपुडा_लो_गिअर
मास्तर, शेवटचं वाक्य प्रत्येक घाटाच्या तोंडाशी पाटीवर लिहायला हवं.

औट्रम_चाळीसगाव
सुकीकाठ दादांचे बाकीचे प्रश्न घेतो.

हँडब्रेक: काळजी नको. 3बीचा हँडब्रेक चाकात नाहीच, ट्रान्सफर केसच्या मागे वेगळा छोटा ड्रम आहे, तो मागचा प्रॉपेलर शाफ्ट धरतो. म्हणून चाकांना काहीही लावा, तो तसाच राहतो. पण चालत्या गाडीत ओढू नका, सगळा झटका शाफ्टच्या क्रॉसवर आणि डिफरन्शियलवर जातो. आणि मागचा शाफ्ट कामासाठी काढला असेल तर हँडब्रेक नाहीच असं समजा, चाकाला दगड लावा.

पुढे की चारही: फक्त पुढे. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, काम पुढची चाकं करतात. 3बीचा व्हीलबेस 80 इंच, एवढ्या आखूड गाडीची मागची चाकं आधी लॉक झाली तर ती जागच्या जागी फिरते. मागे मूळचे ड्रम राहू द्या. तरीही मागचं आधी लॉक होत असेल तर मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचं प्रेशर कमी ठेवणारा) टाका. तपासणी रिकाम्या गाडीने, मोकळ्या ओल्या मैदानात करा.

रिम: मूळचे 16 इंची असतील तर कॅलिपरला जागा मिळते. कोणी हौसेने 15 चे टाकले असतील तर चाक हाताने फिरवून बघा, घासतं का ते. रिमला आतून लावलेलं बॅलन्सिंगचं वजनही कॅलिपरला लागू शकतं.

आणि निपल! कॅलिपर डावा-उजवा उलट बसला की हवा काढायचं निपल खाली येतं. हवा वर अडकते, तुम्ही दिवसभर हवा काढत बसता, पेडल स्पंजच राहतं. निपल सगळ्यात वरच हवं.

गिरणेचा_वारा
पासिंगचं: खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, मग तपासणी होऊन 5-5 वर्षांची वाढते. त्या तपासणीत ब्रेक बघतातच. आरसीवर ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो, पण मोटर वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीतल्या बदलांबद्दल आहे. म्हणून काम करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, जमलं तर लेखी घ्या. पार्टची बिलं जपून ठेवा.

लेथवाला_धुळे
सुकीकाठ दादांची पहिली पोस्ट परत वाचली. पाणी ओलांडता, आणि घाटात पेडल खाली जातं. या दोन तक्रारी एकच असू शकतात. मास्टर सिलिंडर पायाखाली, त्याच्या झाकणाला हवेचं छिद्र असतं. गाडी पाण्यात गेली की तिथून पाणी आत जातं. डॉट 3 ऑइल नवं असताना 205 अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरलं की 140 ला. घाटात तेवढी उष्णता सहज येते. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ, पेडल खाली. पंप केलं की तात्पुरतं पकडतं. तुम्ही लिहिलंय तसंच. झाकण उघडून बघा आणि इथे सांगा.

सुकीकाठ
उघडलं. ऑइल चहासारखं काळपट. तळाशी काडी फिरवली तर गंजाचा गाळ वर आला. वॉशर काढला तर त्याची कड चावल्यासारखी. पुढच्या डाव्या चाकाची रबरी नळी वाकवून बघितली, बारीक भेगा आहेत. लायनर लेथवाल्या भाऊंनी सांगितलं तसंच, वरचा पट्टा चकचकीत आणि खाली मळकट.

घरी बसून ठरवलं. आधी टँडम मास्टर सिलिंडर, चारही नळ्या आणि तांब्या-निकेलच्या नव्या लाइन. मागचे ड्रम लेथवर, नवे लायनर, अँकर पिनेपासून सेटिंग. त्यानंतर पुढे डिस्क, बूस्टर आणि व्हॅक्युम पंप, तिन्ही एकाच वेळी. मेकॅनिकला 2 आणि 10 पीएसआयच्या व्हॉल्व्हबद्दल विचारलं, तो म्हणाला नव्यानेच ऐकतोय. त्याला हा धागा वाचून दाखवला, तोही आता उत्साहात आहे.

ऑइल कोणतं भरू? आणि नवे पॅड बसल्यावर लगेच पालला नेली तर चालेल?

औट्रम_चाळीसगाव
डॉट 4 भरा, 230 अंशांचं. झाकण रबर डायफ्रामचं घ्या किंवा रिझर्व्हॉयर वर बॉनेटखाली आणून नळीने जोडा, म्हणजे सुकीचं पाणी आत जाणार नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, रंग कसाही असो. सिलिकॉनचं डॉट 5 कोणी स्वस्तात देत असेल तरी यात मिसळू नका.

पॅड लगेच घाटात नको. आधी मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 20 पर्यंत मध्यम दाबत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मधे वारा लागू द्यायचा, असं पॅड बसेपर्यंत करत राहायचं. मग घरी आणून थंड होऊ द्या आणि चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. सगळी मोकळी फिरली पाहिजेत. एकही अडकत असेल तर पुशरॉडचा फ्री प्ले बघा, अर्धा इंच पेडल मोकळं हवं.

लेथवाला_धुळे
मागचे ड्रम धुळ्याला पाठवले तर मी घासून देतो. दोन्ही एकदमच पाठवा, आणि हबसकट, म्हणजे हबवरच बांधून टर्न करता येतील.